पिकापाशी अडव, बिळापाशी जाऊ नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. साळिंदराने माडाची रोपं बुंध्याशी कुरतडली, आतला गाभा खाल्ला, रताळ्याचे वाफे उकरून ठेवले, हे वाचून वाईट वाटलं. खड्डा भरून, उन्हाळाभर पाणी घालून जगवलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसलं की माणसाच्या डोक्यात काय जातं ते मला ठाऊक आहे. आता सड्याखालच्या घळीत तुला बिळं सापडली आहेत. वाडीतली पोरं रविवारी कुत्री, जाळी आणि मिरच्यांच्या धुरासाठी पेंढा घेऊन निघणार आहेत आणि तुलाही बोलावलंय. तुझं मन घेत नाही. पण नाही म्हणालास तर ‘हा पुण्याचाच राहिला’ असं ठरेल, ही तुझी खरी अडचण. रोपांबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि या भीतीबद्दल दोन पानं.

प्राणी वाचवावेत हे तुला सांगायची गरज नाही, ते तुझ्या घरातलंच आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल आणि तुला कंटाळा आला तरी मी ती गाळणार नाही. जनावर पिकापाशी अडव. बिळापाशी जाऊ नकोस.

बीळ सापडलं म्हणजे चोर सापडला असं तुम्हा सगळ्यांना वाटतंय. त्या बिळात आज कोण आहे ते तुला बाहेरून कळणार आहे का? साळिंदर खणतं, राहतं, सोडून जातं. मागाहून तिथे कोल्हा येतो, खोकड येतं, मुंगूस शिरतं, घोरपड शिरते, छताला वटवाघळं लटकतात. नाग आणि घोणस यांना तर तयार बीळ आयतंच मिळतं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात आणि थंडीच्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी उन्हाला येऊन पडतात. आतल्या वाटा लांब असतात, तोंडं एकापेक्षा जास्त असतात. एका तोंडाला धूर घातलास की दुसऱ्या तोंडातून जे जीव खाऊन बाहेर येईल ते जाळ्यात पडणार. तुझा माड यानेच खाल्ला, हे तेव्हा कोण बघणार आहे? काठ्या वर झालेल्या असतात रे. त्या वेळी कुणी थांबत नाही.

आणि समजा, आत खवले मांजर निघालं तर? ते आपल्या भागात आहे. त्याला तोंडात दात नाहीत. लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून जगतं. तुझ्या काजूच्या आणि आंब्याच्या बुंध्यांना वाळवीची माती चढते, तिच्यावर औषध मारायला तू दुकानात पैसे मोजतोस, आणि तेच काम फुकट करणारं जनावर तुम्ही धुराने बाहेर काढणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. ते पळतही नाही. घाबरलं की अंगाची गुंडाळी करतं. त्या गुंडाळीपुढे वाघ-बिबट्याही हात टेकतो, पण माणूस ती नुसती उचलून पोत्यात टाकतो. मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं. एक मादी गेली की त्या डोंगराचं किती वर्षांचं नुकसान झालं याचा हिशेब तू शेतकी शिकलास, तूच कर. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचं द्रव्य, केराटिन. औषध म्हणून त्यांत काही नाही. २०१६ मध्ये जगभरच्या देशांनी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं, २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले, तरी चोरटा धंदा चालूच आहे. बिळातून निघालेलं जनावर पोत्यात गेलं की पुढे कुणाच्या हाती जाईल ते तुझ्या हातात राहत नाही. मोबाईलवर फोटो फिरला की दलाल दारात येतो.

आपल्याच जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या डुगवे गावात, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने लोकांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून खवलोत्सव केला. गावाने मनावर घेतलं म्हणून झालं ते. तुझी वाडी डुगव्याहून वेगळी माती खाते असं नाही.

आता तुझ्या त्या भीतीकडे येतो, कारण तिचाच मला जास्त राग आला आहे. बिळावर धाड घालणं म्हणजे गावाची रीत, आणि जो जात नाही तो शहरी, हे तुला कुणी सांगितलं? मला आठवतं ते गाव जागल करायचं. नाचणी, वरी, भात पोटरीत आलं की शेताच्या कडेला माळा उभा राहायचा, त्यावर घोंगडं आणि कंदील, रात्रभर डबा वाजवायचा, हाळी द्यायची. आमच्या वाडीतले एक आजोबा शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक बाळगून होते. सगळा डोंगर त्यांना पाठ होता. पण त्यांचा नियम असा की जनावर पिकात शिरलं तर ते आणि मी समोरासमोर, एकदा बिळात शिरलं की विषय संपला. ते कधी बिळावर गेले नाहीत आणि इतरांना जाऊ देत नव्हते. बिळाच्या तोंडाशी पडलेला काटा, कुरतडलेलं हाड, लेंड्यांचा आकार, नखांचे ओरखडे, आडवं विणलेलं कोळ्याचं जाळं, एवढ्यावरून ते लांबूनच सांगायचे की आत कोण आहे, बीळ चालू आहे की पडीक. साळिंदर हाडं घरी नेऊन कुरतडतं हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

मी तेव्हा कृषी खात्याच्या नोकरीत तालुक्याच्या गावी होतो. सुट्टीला यायचो, त्यांच्या अंगणावरून जायचो, ‘काय म्हणता’ एवढं विचारायचो. त्यांच्याजवळची ती विद्या कुणीच उतरवून घेतली नाही. ते गेले आणि सगळं गेलं. आज वाडीतल्या पोरांना शिकार म्हणून जे ठाऊक आहे ते म्हणजे फासकी, धूर आणि रविवारची पार्टी. आजोबांची रीत मोडली ती यांनी, आणि शहरी ठरणार तू? हे मला सहन होत नाही. तू माळ्यावर बसलास तर त्या गावाचा जास्त होशील.

आणि पार्टीचं नाव घेतलंच आहे तर स्पष्ट लिहितो. रविवारच्या बेतात तुझी रोपं हे निमित्त आहे. साळिंदराच्या मटणासाठी जाणारे जातात. ज्याला खरोखर रोपांची काळजी आहे त्याने आजवर तुझ्या कुंपणाला एक चिरा तरी उचलून लावला का, ते बघ.

तू पाठवलेला इंग्लंडचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला. बॅजर म्हणजे तिकडचं बिळात राहणारं जनावर. छोटं टेरियर कुत्रं त्याच्या बिळात सोडायचं, कुत्र्याच्या गळ्यातल्या यंत्रावरून ते जमिनीखाली कुठे आहे ते वरून शोधायचं आणि तिथे फावड्याने खणायचं. ‘तिकडे बघा किती पद्धतशीर करतात’ असं तू लिहिलं आहेस. बाळा, तो तिकडेही गुन्हा आहे. बॅजरवर कुत्री सोडून झुंज लावण्याचा खेळ इंग्लंडात १८३५ मध्येच बंद झाला. बिळं उकरण्याविरुद्ध १९७३ मध्ये कायदा आला आणि १९९१ च्या कायद्याने बॅजरच्या बिळालाही संरक्षण मिळालं. तू बघितलास तो चोरांचा व्हिडिओ आहे.

तिकडचं शिकण्यासारखं दुसरंच आहे आणि ते तू शेतकरी म्हणून नीट ऐक. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये एका मेलेल्या बॅजरमध्ये गुरांच्या क्षयाचे जंतू सापडले. क्षयाने गाईगुरं जातात, गोठेच्या गोठे रिकामे करावे लागतात; तिथल्या शेतकऱ्याचं दुःख तुझ्या माडाच्या रोपांपेक्षा लहान नाही. सरकारने शेवटी रीतसर प्रयोग केला, १९९८ ते २००५. प्रत्येकी १०० चौरस किलोमीटरचे ३० पट्टे घेतले. काहींत सगळीकडचे बॅजर मारले, काहींत फक्त जिथे गुरं आजारी पडली तिथले, काहींत कुणालाच हात लावला नाही. जवळपास ११,००० बॅजर मारले गेले. आणि झालं काय? ‘जिथे नुकसान, तिथेच मारू’ असं जे पट्टे होते, तिथे गुरांचा क्षय उलट वाढलेला दिसला आणि ती मारणी २००३ मध्येच थांबवावी लागली. सगळीकडे मारलेल्या पट्ट्यांत आत रोग थोडा कमी झाला, पण हद्दीबाहेर लागून वाढला. कारण बॅजर कुटुंबाने राहतात, आपापली हद्द राखतात. काही मारले की उरलेले सैरभैर होतात, लांब भटकतात, रिकाम्या जागी नवे येतात. २००७ च्या अहवालात शास्त्रज्ञांनी लिहिलं की मारून हा रोग आटोक्यात येणार नाही. तरी २०१३ पासून पुन्हा मारायला सुरुवात झाली आणि आजवर दोन लाखांहून जास्त बॅजर गेले. त्याने रोग किती हटला यावर तिथे अजून भांडणं चालू आहेत.

साळिंदर म्हणजे बॅजर नव्हे आणि माडाची रोपं म्हणजे क्षय नव्हे, हे मला कळतं. पण घळीतलं बीळ रिकामं केलंस तर ती घळ रिकामी राहील का? रताळी तिथेच, माड तिथेच, झाडाखाली पडून कुजणारे फणस तिथेच. पलीकडच्या डोंगरातली जोडी येईल. तेव्हा पुन्हा धूर करणार? म्हणून म्हणतो, पिकापाशी अडव. बिळापाशी जाऊन तुला एक रविवार मिळेल, बाग मिळणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणं आहे, पकडणं आहे, फासकी लावणं आहे, हाकणं आहे आणि नुसता प्रयत्न करणंही आहे. ‘मी फक्त उभा होतो’ हे कुणी ऐकून घेणार नाही. खवले मांजर, घोरपड, चांदी अस्वल (हनी बॅजर) हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी, तिथे किमान तीन वर्षं कैद आहे. पण तुरुंगाच्या भीतीने जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. भीतीने थांबलेला माणूस अंधारात पुन्हा जातो.

तू उंदरांचं विचारलंस. ‘मग काका, भाताच्या बांधातले उंदीरही सोडायचे का?’ हा प्रश्न चांगला आहे, त्याला टाळत नाही. उंदीर आणि घूस यांची गोष्ट वेगळी. ते तुझ्या बांधातच राहतात, बांध पोखरतात, लोंब्या तोडून आत साठवतात. त्यांचं शेत आणि त्यांचं बीळ एकच. तिथे शेतकी खात्याची जुनी पद्धत आहे ती वापर: संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजव, सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच चालू, तेवढ्यांचाच बंदोबस्त. बांध बारीक ठेव, गवत माजू देऊ नकोस, घुबडाला बसायला शेतात आडवी काठी लावलेले खांब रोव. रायगडाकडे कातकरी माणसं भातकापणीनंतर उंदरांची बिळं खणतात, उंदीरही घेतात आणि बिळातलं साठवलेलं धान्यही. कोणतं बीळ खणायचं आणि कोणतं नाही हे त्यांना मातीवरून कळतं. पोटासाठी, माहीतगारीने, गरजेपुरतं केलेलं ते काम आहे. त्याचं नाव घेऊन तुझ्या वाडीतल्या पोरांनी आपल्या रविवारचं समर्थन करू नये.

आता कामाचं. याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

साळिंदराला उंच उडी मारता येत नाही, चढता येत नाही. ते ढकलतं, कुरतडतं आणि खालून उकरतं. म्हणून उंच कुंपणावर पैसे घालू नकोस, जमिनीलगत घाल. आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहे, गडगा म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत हेच त्याचं उत्तर. अडीच-तीन फूट उंची पुरे, पण पाया हातभर खोल असू दे आणि खालच्या थरात बारीक दगडांची भर नको, सलग चिरा बसव. जिथे गडगा परवडत नाही तिथे जाड तारेची जाळी घे, खालची हातभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली गाड. उकरायला आलेल्या जनावराच्या पायाखाली तार आली की ते सोडून देतं. शेडनेट, मासेमारीची जुनी जाळी, बांबूचा कूड यांतलं काही उपयोगी नाही, एका रात्रीत भोक पडतं. माडाच्या प्रत्येक कोवळ्या रोपाला जुन्या पत्र्याचं किंवा जाळीचं कडं कर, वीतभर मातीत आणि दोन फूट वर. बुंधा जून झाला की काढता येतं.

सौर कुंपण घेणार असलास तर सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच असू दे. रानडुकरासाठी लावलेल्या तारेखालून साळिंदर सहज जातं. तारेखालचं गवत दर आठवड्याला काप, नाहीतर झटका मातीत जातो. आणि घरच्या विजेची तार कुंपणाला जोडायचा विचार कुणी सुचवला तर त्याला दारातून परत पाठव. त्याने माणसं मेली आहेत. फासकीही नको. डुकरासाठी लावलेल्या फासकीत आपल्या जिल्ह्यात बिबटे अडकून मेले आहेत, तुला ठाऊक आहे.

पडलेले फणस, आंबे झाडाखाली ठेवू नकोस. रताळी तयार झाली की जमिनीत राखून ठेवू नकोस. कणगर, करांदे, सुरण हे कंद बिळांच्या बाजूला न लावता घराच्या अंगाला लाव. पहिल्या वर्षी एवढं करून जागलीला बस. टॉर्च आणि पत्र्याचा डबा पुरतो. आणि कुत्रं साळिंदरावर सोडू नकोस. काटे ते फेकून मारत नाही, ती ऐकीव गोष्ट आहे. ते पाठ फिरवून मागे धावतं आणि काटे कुत्र्याच्या तोंडात, छातीत रुततात, जखम आत पिकत जाते. रविवारी तुमच्यातलं एक तरी कुत्रं असं परत येईल.

मी माझ्या बागेला गडगा घातला तेव्हा भावकीत बोलणारे बोलले. दोन वर्षांची काजूची कमाई चिऱ्यांत गेली हे खरं. माझ्या जागेत, ओहोळाच्या वर, साळिंदराची जुनी बिळं आहेत. माझ्या चुलतभावाला ती उकरायची होती. त्याची कणगरं सतत जायची. मी जागेत पाऊल ठेवू दिलं नाही. त्याच्या कुंपणाला निम्मा चिरा मी देतो म्हणालो, त्याला ते अपमानासारखं वाटलं. बोलणं तुटलं ते तुटलंच, तो गेला तेव्हाही आम्ही बोलत नव्हतो. ही खंत माझ्याबरोबरच जाईल. रात्री झोप लागत नाही तेव्हा त्याच्याशी कसं बोलायला हवं होतं ते मनात जुळवत राहतो. पण बिळं उकरू द्यायला हवी होती असं मला त्यातल्या एकाही रात्री वाटलेलं नाही. माझ्या बागेतले माड आज पडवीच्या वर गेले आहेत आणि बिळं अजून चालू आहेत. दोन्ही एकाच जागेत, एकाच माणसाच्या हयातीत झालं. लोक मला हट्टी म्हणतात. हट्ट केला नसता तर यातलं एकच उरलं असतं, आणि कदाचित तेही नाही.

तुला या हट्टाची किंमत आधीच कळावी म्हणून हे लिहिलं. माझ्यासारखं तोडून बोलू नकोस. पोरांना ‘येत नाही’ एवढंच सांगून घरात बसलास तर ते तुला भित्रा समजतील. रविवारच्या आधीच त्यांच्याकडे जा. सांग, रविवारी माझ्या बागेत गडग्याचं काम काढलंय, चहा-नाश्ता, दुपारचं जेवण माझ्याकडे, कोंबडी कापतो. यातले निम्मे येतील. ज्यांना चिरा बसवता येतो ते नक्की येतील, कारण त्यांना काम दाखवायला आवडतं. जे तरीही घळीत जायचं म्हणतील त्यांच्यासमोर उभा राहून ‘माझ्या रोपांचं नाव घेऊन जाऊ नका’ एवढं मोठ्याने म्हण. नुकसान तुझं आहे, तेव्हा तो अधिकारही तुझा. त्यांना निमित्त उरलं नाही की बेत ढिला पडतो. आणि बिळात खवले मांजर असल्याची शंका आली तर वनरक्षकाला कळवायला लाजू नकोस. तू चुगली करत नाहीस, आपल्या डोंगराची राखण करतोस.

चिऱ्याचं माप घेऊन ठेव. पाया पावसाआधी खणून व्हायला हवा. नंतर माती बसत नाही आणि गडी भातलावणीत अडकतात. आमच्याकडे गडगा घातलेले कारागीर अजून काम करतात, त्यांना मी विचारतो. पहिल्या दिवशी दोरी धरायला मी स्वतः येईन, कोपरे वाकडे गेले की सगळा गडगा वाकडा जातो. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने निघतो, स्टँडवर कुणाला तरी पाठव.

तुझा,
काका